आशाताईंच्या कामाचे पर्यवेक्षण: रजिस्टरवरच्या सहीनंतर काय?

नव्याने गटप्रवर्तक (गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामावर देखरेख करणारी कार्यकर्ती) झालेल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी आधी स्वतः आशा होते. पदवी पूर्ण झाल्यावर गटप्रवर्तक म्हणून निवड झाली. माझ्याकडे बावीस आशाताई आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी वयाने व अनुभवाने माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. मी गावात गेले की त्या रजिस्टर पुढे ठेवतात, मी सह्या करते आणि पुढच्या गावाला निघते. यातून त्यांच्या कामात काही फरक पडतो असे मला वाटत नाही. पर्यवेक्षण परिणामकारक कसे करायचे?"

सह्या करण्यात तुमचे काही चुकलेले नाही. पडताळणी हे गटप्रवर्तकाचे काम आहेच. मोबदल्याचा दावा तुमच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही आणि तो वेळेवर सरकला नाही तर आशाताईंच्या घरखर्चाला ओढ लागते. अडचण अशी की पडताळणीमुळे झालेले काम मोजले जाते, पण त्या कामाचा दर्जा तिने सुधारत नाही. गटप्रवर्तक आणि त्यांच्या कामावर तालुक्यात देखरेख करणारे तालुका समूह संघटक यांच्या प्रशिक्षणात बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत ठाम झाले आहे. पर्यवेक्षकाने काम प्रत्यक्ष होताना पाहिले, पाहिलेल्यातले नेमके एक-दोन मुद्दे त्या व्यक्तीशी बोलले आणि पुढच्या भेटीत तेच मुद्दे पुन्हा पाहिले, तरच काम सुधारते. नुसत्या नोंदी तपासत राहिले तर माणसे नोंदी नीट लिहायला शिकतात. बाळाचा श्वास नीट मोजायला शिकत नाहीत.

महाराष्ट्रात याला सर्वांत भक्कम आधार गडचिरोलीच्या कामाचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावांशी त्यांची तुलना केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या ३९ गावांतील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. या प्रयोगाबद्दल बोलताना लोक आरोग्यदूतांच्या, म्हणजे गावातल्या या शिकवलेल्या स्त्रियांच्या, प्रशिक्षणाबद्दल, त्यांच्या पिशवीतल्या साहित्याबद्दल आणि जंतुसंसर्गावरच्या उपचाराबद्दल बोलतात. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येत, नोंदी पडताळून पाहत, चुका जागीच दुरुस्त करून पुन्हा शिकवत, हा भाग मात्र बहुतेकांच्या बोलण्यात येत नाही. माझ्या मते तो बाकीच्या भागाइतकाच महत्त्वाचा आहे. २०११ पासून याच धर्तीवर देशभर आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी भेटी द्यायला सुरुवात केली, त्याला आपण एचबीएनसी (होम बेस्ड न्यूबॉर्न केअर, म्हणजे नवजात बाळाची घरच्या घरी काळजी) म्हणतो. वेळापत्रक, फॉर्म, वजनकाटा हे सगळे गावोगाव पोहोचले आणि पंधरवड्याच्या त्या देखरेखीची जागा तुमच्या पदाने घेतली. एका गटप्रवर्तकाकडे साधारण वीस आशाताई धरल्या आणि महिन्यात वीसेक दिवस फिरती धरली, तरी एकीच्या वाट्याला महिन्यातून जेमतेम एक दिवस येतो. तो दिवस रजिस्टरात गेला तर तिला पुढे महिनाभर काहीच मिळत नाही.

जामखेडचे उदाहरणही इथे सांगण्यासारखे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभ्या केलेल्या प्रकल्पात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या एकदाच शिकून गावी परतल्या असे झाले नाही. त्या नियमाने केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत आणि त्या सांगण्यातूनच पुढचे शिक्षण होई. त्यांच्यापैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे वह्या तपासून देखरेख करण्याचा मार्ग तिथे मुळातच नव्हता. बोलणे, पाहणे आणि करून दाखवणे यांवरच सगळी भिस्त होती आणि काम उत्तम झाले. आज आपल्याकडे फॉर्म इतके वाढले आहेत की पर्यवेक्षणाचा हा मूळ गाभा त्यांच्याखाली दबून गेला आहे.

आता तुमच्या फिरतीकडे वळते. गटप्रवर्तकाला पाहण्यासारखी कामे पुष्कळ आहेत, परंतु नवजात बाळाच्या घरची भेट मी सर्वांत वर ठेवते, कारण हात धुण्यापासून आईशी बोलण्यापर्यंत आशाताईंची बहुतेक कौशल्ये तिथे पाऊण तासात दिसतात. शिवाय दिवस ठरलेले असतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा; घरी झाली असेल तर त्यांत पहिल्या दिवसाची भर. म्हणजे कोणत्या गावात कोणत्या तारखेला भेट होणार आहे हे तुम्हाला आधीच कळू शकते आणि फिरतीचा दिवस त्याप्रमाणे लावता येतो. अचानक जाऊन 'पकडण्याची' काही गरज नाही. जी आशाताई सांगून आलेल्या गटप्रवर्तकासमोरही श्वास मोजताना घड्याळाकडे पाहत नाही, तिला ते येत नाही एवढे स्वच्छ समजते आणि तुम्हाला तेच समजून घ्यायचे असते.

घरात शिरण्याआधी, वाटेतच दोघींनी ठरवून घ्यावे की भेट आशाताई देतील, तुम्ही बाजूला बसून पाहाल आणि बाळाला धोका दिसला तरच मध्ये बोलाल. हे ठरवणे सोपे असते, पाळणे अवघड. तुम्ही गेलात की सासूबाई तुमच्याकडेच वळतात, "मॅडम, बाळ रात्री लई रडतंय," असे तुम्हालाच सांगतात आणि उत्तर तोंडावर आलेले असते. तिथे "ताईंना सांगा, त्यांना सगळं माहीत आहे" असे म्हणून आशाताईंकडे पाहायचे. या एका वाक्याने दोन गोष्टी साधतात. घरच्यांच्या नजरेत आशाताईंचे वजन वाढते आणि त्या काय उत्तर देतात हे तुम्हाला ऐकायला मिळते. तुम्ही दिलेला सल्ला, तो कितीही बरोबर असला तरी, तुमच्याबरोबर गावाबाहेर निघून जातो. गावात राहणाऱ्या बाईचा शब्द चालला पाहिजे.

वजन घेण्याचे उदाहरण जरा बारकाईने पाहू. रिकामी झोळी टांगत्या स्प्रिंगकाट्याच्या हुकाला अडकवायची, काटा वरच्या दांडीने धरून डोळ्यांच्या रेषेत आणायचा, स्क्रू फिरवून शून्य जुळवायचे, मग झोळी काढून खाली पसरायची, बाळ त्यात ठेवायचे, पुन्हा अडकवून सावकाश उचलायचे आणि काटा डोळ्यांच्या रेषेत असतानाच आकडा वाचायचा. प्रशिक्षणात हे सगळ्यांनी केलेले असते. प्रत्यक्षात मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक म्हणजे झोळी न अडकवताच शून्य जुळवणे. मग झोळीचे वजन बाळाच्या वजनात मिसळते आणि अडीच किलोच्या जरा खालचे बाळ कागदावर अडीच किलोचे होते. २,५०० ग्रॅमच्या खालचे बाळ कमी वजनाचे मानले जाते, त्याला ऊब देण्याबद्दल, वारंवार पाजण्याबद्दल घरच्यांना जास्त समजावून सांगावे लागते, जास्त लक्ष ठेवावे लागते. झोळीच्या त्या थोड्याशा वजनामुळे ते बाळ या सगळ्यातून सुटते. रजिस्टरात फक्त "२.५" दिसते आणि त्यावर तुम्ही सही करता. ही चूक कोणत्याही कागदावर सापडणार नाही. ती पाहण्यासाठी त्या घरात त्या क्षणी कोणीतरी बसलेले असावे लागते.

श्वास मोजण्याचेही तसेच. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही. आकडा साठ किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एक मिनिट मोजायचे आणि दुसऱ्या वेळीही साठ किंवा त्याहून जास्त असेल तर बाळाला पुढे पाठवायचे. आशाताई मोजत असताना तुम्ही तुमच्या घड्याळावर मनातल्या मनात मोजा, आकडा आधी त्यांना सांगू द्या, मग तुमचा सांगा. दोन-तीन श्वासांचा फरक चालतो. पंधराचा फरक पडला तर दोघींनी बाळाच्या पोटाच्या वरखाली होण्याकडे बोट दाखवत एकत्र मोजा. इथे तुमचा आकडा बरोबर आणि त्यांचा चूक असा सूर लागता कामा नये. बाळ हलले असेल, तुमचीही नजर चुकली असेल. एकत्र मोजण्याने दोघींचे हात पुन्हा बसतात.

भेटीनंतरचे बोलणे घरात करू नये, अंगणवाडीत सेविकांसमोर करू नये आणि पारावर तर मुळीच करू नये. गावाच्या वाटेवर किंवा आशाताईंच्या घरी चहा घेताना करावे. आधी त्यांनाच विचारावे: "ताई, आजच्या भेटीत काय चांगलं झालं असं वाटतं? कुठे अडखळायला झालं?" बहुतेक जणी आपली चूक स्वतःच सांगतात आणि ज्या बाईने चूक स्वतः सांगितली तिला ती पुन्हा ऐकवण्याची गरज नसते, फक्त ती कशी सुधारायची एवढेच बोलावे लागते. मग तुम्ही काय पाहिले ते सांगावे. कौतुक करायचे तर नेमके करावे. "छान काम केलं" यातून पुढच्या वेळी काय पुन्हा करायचे ते कळत नाही. "बाळ दिवसातून किती वेळा पितं हे तुम्ही आधी आईला विचारलंत, सल्ला नंतर दिलात, त्यामुळे ती मोकळेपणाने बोलली" असे म्हटले की ती सवय घट्ट होते. सुधारणा सांगताना एकच सांगावी, फार तर दोन. एका भेटीत तुम्हाला नऊ त्रुटी दिसतील. नऊच्या नऊ सांगितल्या तर ऐकणारी एकही लक्षात ठेवत नाही आणि पुढच्या महिन्यात तुम्ही येणार म्हटले की तिच्या पोटात गोळा येतो. बाळाच्या जिवाशी सर्वांत जवळची त्रुटी निवडावी, ती लगेच एकदा करून घ्यावी (झोळी आणि काटा पिशवीत असतोच) आणि तुमच्या डायरीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवावी. पुढच्या महिन्याची भेट त्याच ओळीपासून सुरू करावी. पाठपुरावा होतो असे एकदा दिसले की बोलण्याला किंमत येते.

मेळघाटात कोरकू बोलणारी घरे असतात, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी बोलणारी. आशाताई त्याच पाड्यातल्या असल्याने त्यांना भाषा येते, गटप्रवर्तकाला अनेकदा येत नाही. अशा ठिकाणी शब्द कळले नाहीत तरी बरेच दिसते: आई मधून मधून बोलते की नुसती मान हलवते, आशाताई पाजताना बाळाची पकड पाहतात की लांबूनच बोलतात. शेवटी आशाताईंमार्फत आईला विचारून घ्यावे की आता तू काय काय करणार आहेस. तिच्या उत्तराचे आशाताईंनी केलेले भाषांतर ऐकले की समुपदेशन पोहोचले की नाही हे कळते.

नोंदींबद्दल मी वर थोडे कठोर लिहिले, म्हणून एवढे स्पष्ट करते की नोंदी पाहाव्यात, फक्त वेगळ्या नजरेने पाहाव्यात. एका आशाताईंच्या सहा महिन्यांच्या नोंदीत सगळ्या बाळांची वजने २.५, २.६, २.५, २.७ अशी असतील, एकही दोन किलोच्या जवळ नसेल, सगळे श्वास ४० किंवा ४२ असतील आणि तापमान दर वेळी तेच असेल, तर ही बाई खोटे लिहिते असा निष्कर्ष काढण्याआधी पिशवी उघडून पाहा. घड्याळाचा सेल संपलेला असतो, थर्मामीटर बंद असते, काट्याचा स्प्रिंग सैल झालेला असतो आणि "मागणी केली होती, आली नाही" असे उत्तर मिळते. बंद थर्मामीटर घेऊन फिरणाऱ्या बाईला फॉर्मवर तापमानाचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा आपण दिलेली नसते. रिकामा फॉर्म परत येतो, भरलेला स्वीकारला जातो. तेव्हा असा आकडा दिसला की साहित्य आधी, कौशल्य नंतर आणि हेतू सर्वांत शेवटी तपासावा.

तरीही कधी कधी भेट न देताच फॉर्म भरलेला आढळतो. तिथे गप्प बसणे योग्य नाही, कारण न झालेल्या भेटीच्या मागे एक खरे बाळ असते. पण कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाताईंनी केलेली असते, प्रसूती माहेरच्या तालुक्यातल्या दवाखान्यात होते, माहेरच्या आशाताईंना ही बाई आपल्या गावात आली आहे याचा पत्ताच नसतो आणि बाळाच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे दिवस दोन गावांच्या मधे निघून जातात. सासरच्या आशाताई फोनवर विचारपूस करून फॉर्म भरतात. हा प्रश्न कोणतीही आशाताई एकटीने सोडवू शकत नाही. तुम्ही सोडवू शकता, कारण दुसऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गटप्रवर्तकाचा नंबर तुमच्याकडे असतो. सातवा-आठवा महिना लागला की "बाळंतपणाला कुठे जाणार?" हे विचारून तिकडे कळवण्याची पद्धत तुमच्या गटात पाडलीत तर ती अनेक तपासण्यांपेक्षा मोलाची ठरेल. बीडकडच्या गावांत हाच प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात येतो. गरोदर बाई कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात गेलेली असते. त्या नोंदी "स्थलांतरित" म्हणून स्पष्ट लिहिण्याची मोकळीक आशाताईंना वाटली पाहिजे. ती मोकळीक द्यायची की नाही हे नियमावलीपेक्षा तुमच्या वागण्यावर जास्त ठरते. रिकामा रकाना पाहून तुम्ही आधी आवाज चढवला तर पुढच्या महिन्यात रकाना भरलेला मिळेल.

एवढे करूनही कारण नसताना खोटी नोंद वारंवार दिसली, तर ते एकटीला बोलावून स्पष्ट सांगावे, तो दावा मंजूर करू नये आणि तालुका समूह संघटकांना लेखी कळवावे. मऊपणाने वागणे आणि चुकीला पांघरूण घालणे यांत फरक आहे आणि गटातल्या प्रामाणिक आशाताई तुम्ही कुठे रेघ ओढता याकडे बारीक लक्ष ठेवून असतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. "खालील आशांचे काम शून्य आहे, तात्काळ खुलासा करावा" असा संदेश सगळ्यांसमोर टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुजली आहे. त्याने आकडे दोन दिवसांत येतात, म्हणून वरिष्ठांना ती उपयुक्त वाटते. ते आकडे कसे आले हे कोणी विचारत नाही आणि ज्या बाईचे नाव चाळीस जणांसमोर आले तिने आपली अडचण तुम्हाला यापुढे सांगण्याची शक्यता संपते. ग्रुपवर सूचना आणि चांगल्या कामाची माहिती द्यावी; कमतरतेबद्दल फोन करावा. गृहभेटीचा फोटो मागवण्याचेही असेच आहे. फोटोवरून आशाताई त्या घरी गेल्या एवढे समजते. त्यांनी बाळाचे कपडे वर करून छाती आत ओढली जाते का ते पाहिले की नाही, हे फोटो सांगत नाही. शिवाय ओल्या बाळंतिणीचा फोटो काढणे घरच्यांना आवडत नाही, हेही विसरू नये.

वयाने मोठ्या आशाताईंचा मुद्दा तुम्ही काढला आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत लागलेल्या अनेक जणी अजून काम करत आहेत आणि गावाबद्दल त्यांना जे माहीत आहे ते तुम्हाला कधीच माहीत होणार नाही. ते मोकळेपणाने मान्य करून सुरुवात केली तर अंतर निम्मे कमी होते. "काकू, या पाड्यावरच्या बायका लसीकरणाला का येत नाहीत, तुम्हीच सांगा" असे विचारा आणि खरोखर ऐकून घ्या. त्याच बरोबर तंत्राच्या बाबतीत, म्हणजे वजन, श्वास, तापमान, हात धुणे यांत, वयाचा आदर म्हणून सूट देऊ नका. आदर बोलण्यात ठेवावा, निकष सगळ्यांना सारखे ठेवावेत. त्यांच्यापैकी जिचा हात एखाद्या कामात उत्तम आहे तिला नव्या आशाताईंना शिकवायला सांगा. मासिक सभेत पंधरा मिनिटे काटा हातात घेऊन ती दाखवेल तेव्हा तिला मानही मिळेल आणि तिचीही उजळणी होईल.

बालमृत्यू झाल्यावर तुम्ही कसे वागता, यावर पुढच्या कित्येक वर्षांचे नाते ठरते. अन्वेषणाचा फॉर्म असतो, वैद्यकीय अधिकारी विचारणार असतात, जिल्ह्याकडून फोन येतो आणि त्या घाईत पहिला प्रश्न "किती भेटी दिल्या होत्या?" असा निघतो. आशाताई त्याच गावात राहतात. त्या बाळाला त्यांनी हातात घेतलेले असते, घरच्यांचा राग त्या झेलत असतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पाण्याला जायचे असते. आधी जाऊन त्यांच्यापाशी बसा, काय झाले ते त्यांच्या शब्दांत सांगू द्या, रडल्या तर रडू द्या. फॉर्म त्याच दिवशी भरायचा असला तरी तासाभराने भरता येतो. समाजकार्याच्या शिक्षणात पर्यवेक्षणाची प्रशासन, शिक्षण आणि आधार अशी तीन कामे शिकवली जातात. तिसरे काम फावल्या वेळातले समजले जाते. माझा अनुभव असा आहे की ज्यांना अशा वेळी आधार मिळाला त्याच आशाताई नंतर "मला त्या दिवशी धोक्याचं लक्षण ओळखता आलं नाही" असे आपणहून सांगतात आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते.

मासिक सभा हा तुमच्या हातातला दुसरा मोठा वेळ आहे. ती बहुतेक ठिकाणी फॉर्म गोळा करण्यात आणि दाव्यांच्या दुरुस्तीत संपते. क्रम उलटा करून पाहा. पहिला तास एका-दोघींनी महिन्यातला अवघड प्रसंग सांगायचा, जसे की बाळाने दूध ओढणे कमी केले होते पण घरचे दवाखान्यात न्यायला तयार नव्हते. बाकीच्यांनी आपण काय केले असते ते बोलायचे आणि आरोग्य सेविकांनी किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शेवटी वैद्यकीय बाजू स्पष्ट करायची. कागदपत्रे त्यानंतर. कागद पहिल्यांदा काढले की ते दिवस खातात, हे तुम्हीही पाहिले असेल. आशाताईंनी सांगितलेल्या अडचणी, विशेषतः साहित्य आणि औषधांच्या, एका कागदावर लिहून त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि पुढच्या सभेच्या सुरुवातीला त्यांचे काय झाले ते सांगा. नुसते "अजून आले नाही" सांगावे लागले तरी सांगा.

तुमच्या स्वतःच्या पर्यवेक्षणाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण ते नसेल तर वर लिहिलेले फार दिवस टिकत नाही. गटप्रवर्तकाकडे अहवाल, ऑनलाइन नोंदी, मोहिमा, सर्वेक्षणे यांचा ढीग असतो आणि फिरतीचे दिवस त्यात खाल्ले जातात. तालुका समूह संघटकांनी आणि शक्य असेल तिथे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी किंवा आरोग्य सहायिकांनी तीन महिन्यांतून एकदा तरी तुमच्याबरोबर एका गृहभेटीला यावे. आशाताईंना तपासायला त्यांनी येऊ नये. तुम्ही आशाताईंशी कसे बोलता ते पाहायला यावे आणि परतताना तुमच्याशी तसेच बोलावे. हे आपणहून होत नसेल तर तुम्ही मागा. तारीख ठरवून मागितली तर नकार देणारे कमी भेटतात, "केव्हातरी या" म्हटले तर कोणी येत नाही.

सुरुवात कुठून करायची? बावीसही जणींबरोबर एकदम नको. पहिल्या महिन्यात पाच-सहा जणी निवडा: ज्या नव्या लागल्या आहेत, ज्यांच्याकडे कमी वजनाची किंवा नवजात कक्षातून घरी आलेली बाळे आहेत आणि ज्यांची गावे सर्वांत आडवळणाला असल्याने तिथे कोणीच जात नाही अशा. त्यांच्या ठरलेल्या भेटींच्या तारखा आधी मागवून घ्या, त्या दिवशी सोबत जा, आपले घड्याळ आणि एक चालू थर्मामीटर पिशवीत ठेवा. उरलेल्यांकडे नेहमीप्रमाणे पडताळणीला जा, पण प्रत्येकीला कोणत्या महिन्यात तुम्ही तिच्याबरोबर दिवसभर राहणार आहात ते सांगून ठेवा. दौऱ्याचा हा आराखडा महिना सुरू होण्याआधीच तालुका समूह संघटकांना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून मान्य करून घ्या, म्हणजे ऐन वेळी एखाद्या अहवालासाठी तुम्हाला केंद्रावर बसवायचे झाले तर त्या बदल्यात कोणती भेट चुकणार आहे हे त्यांनाही समोर दिसेल.